आरोपी नंबर एक : साखर

आमच्या शेजारच्या घरात साखरेचा डबा अटकेत होता. गंमत म्हणून सांगत नाही. डब्याला आडवी-उभी सुतळी, गाठीवर लाल लाखेचं सील आणि सुतळीला लोंबणारी पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘मुद्देमाल क्र. १. साखर, अंदाजे दोन किलो. आरोप : माणसास जाड करणे.’ खाली दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक माझी.

लग्न करून मी माळशिरसहून सोलापूरला, भवानी पेठेत आले तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मला महापालिकेच्या शाळेत नोकरी, आमच्या ह्यांना गिरणीच्या ऑफिसात. भिंतीला भिंत लागून शिवबसप्पांचं बिऱ्हाड. ते फौजदारी कोर्टात मुद्देमाल कारकून होते. म्हणजे चोरीची सायकल, मारामारीतली काठी, जुगाराचे पत्ते, अशी खटल्यातली प्रत्येक वस्तू चिठ्ठी बांधून, सील करून, निकाल लागेपर्यंत सांभाळायची. वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन निराळा कसा वागणार? त्यांच्या छत्रीला चिठ्ठी होती. चष्म्याच्या डबीला होती. पेठेत सगळे त्यांना ‘मुद्देमाल अप्पा’ म्हणत आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नसे. “खातंच ते हाय की माझं,” म्हणत.

अंगानं म्हणाल तर शेवग्याची शेंग. उंच, वाळके, गालफडं आत गेलेली. त्यामुळं हा माणूस लठ्ठपणाच्या मागे हात धुऊन का लागलाय, हे मला कळेना.

“बाई,” पंचनाम्यावर सही घेताना ते मला म्हणाले होते, “दुष्काळात सगळं सोलापूर वाळलं होतं. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले आमी. आता बघा, माणसं फुगायला लागलीत. आपोआप काय हुतंय का? कोणतरी आरोपी असणार. एकेकाला आत घालायचं, महिनाभर घरात वापर बंद. ज्याच्या अटकेत वजन उतरंल, तो गुन्हेगार.”

“आणि साखरच आधी का?” मी विचारलं.

“तुमी विचारू नका. तुमी माळशिरसच्या, उसाच्या गावच्या. तुमची साक्ष पक्षपाती.”

संध्याकाळी कोर्टातून आले की ते ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा जबाब घेत. पलीकडच्या दवाखान्यातला कंपाउंडर साखरेच्या विरोधात होता. समोर करडईचा घाणा चालवणारे काका छातीवर हात ठेवून सांगत, की हे सगळं डब्यातल्या वनस्पती तुपाचं काम. घाण्याचं तेल खाऊन कुणी कधी जाड झालेला नाही. “तुमचा हितसंबंध हाय यात,” अप्पा त्यांना तिथल्या तिथं सुनावत. पण लिहून मात्र घेत. एकदा आमचे हे कंटाळून म्हणाले, “अप्पा, सरळ गोष्ट आहे. जास्त खाल्लं की माणूस जाड होतो.”

“हे मत झालं,” अप्पा म्हणाले. “पुरावा काय?”

“तुम्हीच पुरावा. कमी खाता, बारीक आहात.”

“मी कमी खात न्हाई. सकाळी दोन भाकऱ्या, रात्री दोन भाकऱ्या. आमच्या हिला विचारा. रेकॉर्डवर घ्या.” आणि त्यांनी स्वतःच ते रेकॉर्डवर घेतलं.

साखरेचा महिना सगळ्यांनी कसाबसा काढला. अप्पा आमच्याकडे आले तर चहासुद्धा बिनसाखरेचा मागत. चोरून कुठं हॉटेलात गोड चहा प्यावा असं त्यांच्या मनातही आलं नसतं. एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि औषध उतरावं तसा तो घशाखाली उतरवायचे. त्यांची बायको गौरव्वा, मूळची वळसंगची, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी, ती गुळाचा खडा तोंडात धरायची आणि म्हणायची, “गुळाचं नाव चिठ्ठीवर न्हाई.”

त्यांची एकुलती एक मुलगी महानंदा. सगळे नंदा म्हणत. तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. अंगानं चांगली भरलेली, गोरी, कपाळावर विभूतीची बोटं, आणि हसली की ओठाच्या कडेला खळी पडायची. माझ्या शाळेच्या वह्या तपासायला ती मदत करायची, आणि माझ्यापेक्षा तिचं अक्षर बरं होतं. वडिलांच्या तपासाबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे. चहा बिनसाखरेचा तर बिनसाखरेचा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी अप्पा घरच्या सगळ्यांना घेऊन ओळखीच्या एका अडत दुकानात जात. तिथं पोती तोलायचा मोठा काटा होता. साखळ्यांना टांगलेली दोन पारडी, माणूस आरामात मांडी घालून बसेल एवढी. हमाल यायच्या आधी, दुकान नुकतं झाडून झालेलं असताना ही वजनं व्हायची. मला वाटायचं, अप्पांना कामाची घाई. पहिल्या महिन्याचा निकाल असा लागला : अप्पा दीड किलोनं उतरले, गौरव्वा एक किलोनं, नंदा होती तिथंच. दोघं उतरूनही साखर पुराव्याअभावी सुटली.

दुसऱ्या महिन्यात वनस्पती तूप आत गेलं. अप्पा आणखी उतरले. नंदा अर्धा किलो वाढली.

तिसऱ्या महिन्यात अप्पांनी शेंगदाण्यांना हात घातला, आणि घरात बंड झालं. सोलापुरात राहून शेंगदाण्याची चटणी बंद!

“शेंगा बंद केल्यावर भाकरीसंगट काय खायचं? तुमच्या कोर्टातले कागद?” गौरव्वा कडाडली.

“तपासात घरच्यांनी सहकार्य करावं,” अप्पा म्हणाले आणि सुतळी बांधत राहिले.

तिसऱ्या दिवशी गौरव्वा पदराखाली एक गाडगं झाकून माझ्याकडे आली. आत किलोभर शेंगदाणे. “तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या की बाई. रोज मूठभर भाजून द्या. मी हितंच उभ्यानं खाऊन जाते.” मी हो म्हटलं. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी मी दाणे भाजत असताना दारात अप्पा. नाक वर करून, डोळे मिटून उभे.

“बाई, तुमच्या घरी दोनच माणसं. एवढे दाणे रोज कुणासाठी भाजता?”

मला खोटं सुचेना. माझ्या मागं गौरव्वा तोंडात दाणे धरून उभी होती, त्यामुळं तिलाही बोलता येईना.

“मुद्देमाल दडवून ठिवणं हा वेगळा गुन्हा हाय,” अप्पा म्हणाले. “पण तुमी पंच. पहिलीच वेळ. समज देऊन सोडतो.” गाडगं घेऊन गेले. जाताना मात्र थांबले, आत हात घातला, मूठभर दाणे काढून बायकोच्या ओंजळीत ओतले, आणि गेले.

त्या दिवशी गौरव्वानं मला खरं काय ते सांगितलं. अडीच महिन्यांपूर्वी नंदाला बघायला एक स्थळ आलं होतं. आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे, पण अंगानं भारी आहे, मुलाला शोभणार नाही. अप्पांनी पत्र वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं आणि नंदाला सांगितलं, की त्यांच्याच घरात काही अडचण आहे. दुसऱ्या दिवशी साखरेला सील लागलं.

“तिला एकटीला बंद केलं तर तिला समजंल की,” गौरव्वा म्हणाली. “म्हणून आमी सगळे उपाशी.”

मी मान डोलावली, पण नंदाला हे समजलं नसेल यावर माझा विश्वास बसला नाही. तिघांत वाढत होतं ते एकाच माणसाचं वजन, आणि हिशेब करायला ती अप्पांपेक्षा हुशार होती.

शेंगदाणेही सुटले. चौथ्या महिन्यात भात आत गेला. अप्पांची पँट आता पट्ट्यानं गोळा करून धरावी लागे. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं दोन भोकं नवी पाडली होती. कोर्टात साहेबांनी विचारलं म्हणे, आजारी आहात का? अप्पा म्हणाले, “न्हाई साहेब, तपास चालू हाय.”

त्या महिन्याच्या वजनाला मीही गेले होते. आमच्या ह्यांचे काका गावाहून यायचे होते, तांदूळ घ्यायचा होता, म्हणून. आम्ही पोचलो तर दुकानापुढं लॉरी उभी. माल रात्रीच निघून पहाटे आलेला, त्यामुळं सात-आठ हमाल आधीच कामाला लागलेले. अप्पा दारातच थबकले. “पुढच्या रविवारी येऊ,” म्हणाले. पण दुकानदार आतून ओरडला, “या की अप्पा, काटा मोकळाच हाय!”

आधी अप्पा बसले, मग गौरव्वा. मग नंदा बसली. पदर सावरून, खाली बघत. काट्यावर रोजचा तोलार होता. पोतं तोललं की वजन मोठ्यानं पुकारायचं, ही त्याची जन्माची सवय. त्यानं दुसऱ्या पारड्यात मापं चढवली, काटा सरळ झाला, आणि त्यानं नेहमीच्या चालीवर हेल काढला, “एक्क्याऐंशी आणि अर्धाऽऽ!”

“कुठल्या लॉरीत टाकायचं?” मागून एक हमाल म्हणाला. सगळे हसले. त्या बिचाऱ्यानं मान वर करून बघितलं, पारड्यात पोरगी दिसली, आणि त्यानं जीभ चावली. पण हसून झालं होतं.

नंदा पारड्यातून उतरली. निऱ्या झटकल्या. कुणाकडं न बघता, घाई न करता घरी चालत गेली. तिच्या मागं आम्ही.

घरात शिरल्यावर ती वळली. डोळ्यात पाणी नव्हतं. “अप्पा, तुमच्या केसमधी मी कोण हाय?”

अप्पा चपला काढत होते, ते वळले.

“फिर्यादी हाय का? मी तर तक्रार केली न्हाई. साक्षीदार हाय? मला कुणी काय विचारलं न्हाई. आरोपी म्हणावं, तर आरोपीला निदान बोलू तरी देतात.” तिनं फळीवरचा तांदळाचा सीलबंद डबा उचलला आणि त्यावरची चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. “मग मी ही हाय. मुद्देमाल. माझ्या पण गळ्यात बांधा की एक.”

मी उंबऱ्यावरच उभी होते. आत जावं की परत फिरावं कळेना.  अप्पा तसेच बाहेर पडले.

दुपारपर्यंत आले नाहीत. नंदा माझ्याकडे येऊन वह्या तपासत बसली, एकेक वही नीट, लाल शाईनं, एकही चूक न सोडता. मी शेजारी गौरव्वाकडे गेले. ती गुडघ्याला मिठी मारून बसली होती.

“बाई, ही सातव्या महिन्यातली,” ती म्हणाली. “तळहातावर मावायची. डॉक्टर म्हणाला, आशा धरू नका. ह्यांनी वाण्याकडनं तराजू मागून आणला. पारड्यात मऊ धोतर अंथरून सकाळ-संध्याकाळ पोरीला तोलायचे. तीन महिने. छटाकभर वाढली की गल्लीत जाऊन सांगायचे. एकदा कमी भरली तर दिवसभर जेवले न्हाईत. मी बाळंतीण, मलाच ह्यांना समजवावं लागलं.” मग जरा थांबून म्हणाली, “हे नंदाला ठाऊक न्हाई. ते सांगू देत न्हाईत. म्हणतात, पोरीला वाटंल आपण मरता मरता वाचलो.”

अप्पा चार वाजता आले. कुठं गेले होते ते कुणी विचारलं नाही. पायांवर धूळ होती. त्यांनी कोनाड्यातली कात्री घेतली, तांदळाच्या डब्याची सुतळी कापली, सील नखानं खरवडून काढलं. माझ्याकडं पाहून म्हणाले, “बाई, तुमी पंच, म्हणून सांगतो. तपास बंद. चूक तपासी अंमलदाराची. रेकॉर्डवर घ्या.”

आवाज त्यांचा नेहमीचाच होता. चिठ्ठी मात्र त्यांनी जपून न ठेवता चुलीत टाकली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आणखी एक स्थळ आलं, अक्कलकोटकडचं. मुलगा, त्याचा मामा आणि आत्या. मला चहा करायला बोलावलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात होते आणि सगळं ऐकू येत होतं. मुलगा घुम्याच होता. नंदानं त्याला दोन प्रश्न विचारले, त्याचीही उत्तरं मामानं दिली. बाकी बोलणं ठीक चाललं. मग आत्याबाईंनी पदर खोचला.

“पोरगी गुणाची हाय. नावं ठिवायला जागा न्हाई. पण सहा म्हयने भात-साखर बंद ठिवा तिची. जरा अंग उतरू द्या. मग सुपारी फोडायचं बघू.”

 मी किटली हातात धरून दाराशी आले. नंदा सतरंजीवर बसली होती, नजर समोर. अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतात. पण ते कोर्टात साहेबांपुढं उभे राहतात तसे उभे राहिले, हात बाजूला, मान ताठ.

“आत्याबाई, तुमी म्हणता ते आमी केलंय. साखर, तूप, शेंगदाणा, भात. चार महिने तपास केला. मी स्वतः केला. सगळे आरोपी तपासले. कुणावर गुन्हा शाबीत झाला न्हाई.”

“म्हंजे?” मामा म्हणाला.

“म्हंजे, मी आधी बघायला पाहिजे होतं ते शेवटी बघितलं. गुन्हाच घडलेला न्हाई.” त्यांनी नंदाकडं पाहिलं नाही. आत्याबाईंकडंच पाहत होते. “माझी पोरगी धडधाकट हाय. तिला सहा महिने उपाशी ठिवून तुमच्याकडं पाठवायची माझी तयारी न्हाई. तुमी चहा घ्या. साखर हाय त्यात.”

पाहुण्यांनी चहा घेतला. माणसं वाईट नव्हती. पण उठताना पुढचं काही बोलली नाहीत, आणि अप्पांनीही विचारलं नाही.

नंदाचं पुढं चांगलं झालं. त्याच वर्षी तिनं मला विचारून शिक्षिकेच्या कोर्सचा फॉर्म भरला. वळसंगच्या बाजूला एका खेड्यात तिला शाळा मिळाली, आणि चार वर्षांनी तिथल्याच एका मास्तरांशी तिनं स्वतः ठरवून लग्न केलं. अप्पांनी फक्त एवढंच विचारलं, की माणूस बोलतो का स्वतःहून? ती म्हणाली, लई बोलतो. ती बारीक कधी झाली नाही. ओट्यावर कुणी साखर-तुपाचा वाद काढला तर अप्पा आत निघून जात.

पण मला आठवते ती पाहुणे गेल्यानंतरची दुपार. गौरव्वा कपबशा विसळत होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, कोटही काढला नव्हता. नंदा त्यांच्यासमोर येऊन बसली.

“अप्पा, एक विचारू? खरं सांगायचं.”

“विचार.”

“मी जाड हाय का?”

आत विसळण्याचा आवाज थांबला. इतक्या महिन्यांत त्या घरात तिच्याबद्दल हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जन्मात खोटं रेकॉर्ड न केलेला माणूस तो.

“हाय की,” ते म्हणाले.

“लई?”

“लई न्हाई. पण हाय.”

नंदा त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. अप्पा गोंधळून एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, “मला भूक लागलीय.”

गौरव्वा ताट घ्यायला उठली. अप्पांनी हातानंच तिला बस म्हणून खुणावलं. त्या घरात अप्पांनी कधी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतलेला मी पाहिला नव्हता. ते चुलीपाशी गेले, कुठलं भांडं कशाचं ते झाकणं उघडून शोधलं, आणि ताट घेऊन आले. नंदासमोर ठेवलं. मग भाताचं पातेलं घेऊन उकिडवे बसले आणि वाढू लागले. ओघराळंभर भात, मग आणखी एक.

“साकु,” नंदा म्हणाली. घरात बास म्हणायचं असलं की ती कानडीतच म्हणायची. “अप्पा, साकु, साकु.”

“हूं,” अप्पा म्हणाले, आणि आणखी एक ओघराळं वाढलं.